गाडीचं ट्यूनिंग: माणूस जाणकार आहे हे ओळखायचं कसं?

घाटवळण | शनि, रात्री १०:४२

मंडळी, सल्ला हवाय.

गाडी: २०१४ ची स्विफ्ट व्हीडीआय, १.३ डिझेल, १ लाख २८ हजार किमी. मी दुसरा मालक, घेऊन तीन वर्षं झाली. दर शनिवारी पुणे-सातारा ठरलेलं. पूर्वी खंबाटकी चौथ्या गिअरमध्ये आरामात चढायची. गेल्या पाच-सहा महिन्यांत निम्म्या घाटात तिसरा टाकावा लागतो, आणि मागे ट्रक असेल तर घाम फुटतो. एव्हरेजही उतरलंय. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी होतं, डॅशबोर्डवर एकही दिवा पेटत नाही.

बाबा म्हणाले, "ट्यूनिंग करून घे एकदा." शोधलं तर आजकाल ट्यूनिंग म्हणजे रीमॅप असं दिसतंय, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधलं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलणं. लॅपटॉप लावतात आणि ७५ घोड्यांची (हॉर्सपॉवर) ताकद ९५ होते म्हणे. तिघांशी बोललो:

एक जण घरी येऊन अर्ध्या तासात करतो, १२ हजार. फोनवरच म्हणाला, "सर, पंचवीस टक्के पॉवर गॅरंटी, मायलेज पण वाढणार."

दुसरा चिंचवडच्या बाजूला, २४ हजार. त्याने किंमत शेवटी सांगितली, आधी पंधरा मिनिटं माझीच उलटतपासणी घेतली.

तिसरा कोइंबतूरचा. नाव मोठं आहे, पण सॉफ्टवेअरची फाइल ईमेलवर येणार आणि इथला कुणीतरी ती चढवणार.

यातला कोण घ्यावा? मुळात कशावरून ठरवायचं? मी अकाउंट्समधला माणूस, बॉनेट उघडलं की मला फक्त वॉशरचं पाणी कुठे भरायचं ते कळतं.

पाना_पकड | शनि, रात्री ११:०५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. या विषयावर दर वर्षी एक धागा येतो आणि दर वर्षी पेटतो.

सोलेक्सकाका | रवि, सकाळी ६:१८

घाटवळण, तुमच्या वडिलांचं ट्यूनिंग आणि तुम्ही शोधलेलं ट्यूनिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द तेवढा एक.

मी सोलापूरला बावीस वर्षं पद्मिनी वापरली. १०८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर. ट्यूनिंग म्हणजे प्लग काढून साफ करायचे, पॉइंटमधला गॅप फीलर गेजने लावायचा, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग बसवायचं, टॅपेट आणि शेवटी मिक्श्चरचा स्क्रू. आमचा मिस्त्री स्क्रू पाव-पाव वळसा फिरवायचा आणि सायलेन्सरपाशी हात धरून उभा राहायचा. फुसफुस एकसारखी आली की म्हणायचा, "आता बोलतीये." गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी परत आणणं, एवढाच त्याचा अर्थ. नव्या ताकदीचा प्रश्नच नव्हता. बाबांच्या डोक्यात हेच असणार.

आता तुमच्या गाडीत ना पॉइंट, ना डिस्ट्रिब्यूटर, ना कार्बोरेटर. डिझेलला स्पार्क प्लगसुद्धा नाही. त्यामुळे "ट्यूनिंग करून घे" हे वाक्य तुमच्या गाडीला लागूच होत नाही. पण वाक्यामागचा आजार खरा आहे. चढणारी गाडी चढेनाशी झाली, म्हणजे तिला काहीतरी झालंय. तिला बरं करायचं सोडून तुम्ही तिला व्यायामशाळेत का पाठवताय?

डिझेलदास | रवि, सकाळी ९:३०

काका, मान आहे, पण तो जमाना गेला. मी माझ्या फियाट लिनियाला रीमॅप करून चार वर्षं झाली, एक तक्रार नाही. घाटवळण, बिनधास्त करा. हेच १.३ मल्टिजेट इंजिन अर्टिगा आणि एसएक्स४ मध्ये ९० घोडे द्यायचं. स्विफ्टला मुद्दाम ७५ वर दाबून ठेवलंय. कंपनीने लावलेलं कुलूप आहे, ते काढायचं, बस्स.

कॅलिब्रेशनवाली | रवि, दुपारी १:१२

आता लिहावंच लागणार. माझी रोजीरोटीच ही आहे. पुण्यातल्या एका कंपनीत इंजिन कॅलिब्रेशन करते, म्हणजे ईसीयूच्या फाइलमधले आकडे बसवते. कंपनीचं नाव विचारू नका, आणि हे सगळं मत माझं वैयक्तिक.

डिझेलदास, ९० वाल्यात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) वेगळा आहे. ७५ वाल्याला साधा, ठरावीक भूमितीचा टर्बो. ९० वाल्याला पाती हलणारा, म्हणजे व्हीजीटी. टॉर्कमध्ये फार फरक नाही, १९० आणि २०० न्यूटन मीटर. फरक वरच्या आरपीएमला हवा किती पुरते यात आहे. ब्लॉक तोच, सीसी तेच १२४८, पण फुप्फुसं निराळी. त्यामुळे "कुलूप काढलं" हे अर्धसत्य. ७५ वाल्यात थोडी जागा नक्की आहे, पण तो टर्बो सॉफ्टवेअरने ९० वाला होत नाही.

ती जागा कंपनीने का सोडली तेही सांगते. आम्ही एकच फाइल घेऊन गाडी राजस्थानच्या उन्हात नेतो, लडाखच्या थंडीत आणि विरळ हवेत नेतो. भेसळीचं डिझेल, तुंबलेला एअर फिल्टर, पाच माणसं आणि टपावर सामान, या सगळ्यात ती गाडी वॉरंटी संपेपर्यंत टिकायला हवी, धुराच्या मर्यादेत राहायला हवी. ट्यूनर घेतो ती "लपवलेली ताकद" म्हणजे ही शिल्लक. ती घ्यायला हरकत नाही, पण घेणाऱ्याला कुठून किती काढतोय हे माहीत हवं.

फाइलमध्ये एकच आकडा वाढवून भागत नाही. ड्रायव्हरने पेडल दाबल्यावर किती टॉर्क मागायचा, त्यासाठी किती डिझेल, ते केव्हा सोडायचं, रेलचा (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचा) दाब किती, टर्बोचा दाब किती, अशा कोष्टकांची साखळी असते. त्यात एक कोष्टक धुराचं: इतकीच हवा आहे तर याहून जास्त डिझेल घालू नकोस. आळशी ट्यूनर हे कोष्टक उडवतो. गाडी एकदम पळते, मालक खूश. मागून काळा लोट निघतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, आणि टर्बोचा जीव जातो तो वर्षभराने. तोवर ट्यूनरचा नंबर बदललेला असतो.

म्हणून त्याला पहिला प्रश्न हा विचारा: "धुराचं कोष्टक काय करणार?" "काढून टाकतो" म्हणाला तर चहा पिऊन परत या. "कसलं कोष्टक?" म्हणाला तर चहासुद्धा पिऊ नका.

पाना_पकड | रवि, दुपारी १:४०

चहाचा नियम वाचनखुणेत साठवला आहे.

उतारू | रवि, संध्या. ७:५५

माझी कहाणी सांगतो, कुणाचं नाव घेत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका ट्यूनरकडे गेलो, शहरही सांगत नाही. टर्बो डिझेल एसयूव्ही, ९० हजार किमी. लॅपटॉप लावला, वीस मिनिटांत "झालं". चाचणी म्हणून सर्व्हिस रोडवर एक फेरी. गाडी अक्षरशः उडाली, मी तिथेच पैसे दिले.

दोन महिन्यांनी चौथ्या-पाचव्यात पाय दाबला की आरपीएम चढायचे, वेग तोच. क्लच घसरत होता. मूळ क्लच ९० हजार चाललेला, त्याच्यावर अचानक जादा टॉर्क आला. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, फ्लायव्हील मिळून रीमॅपच्या दुप्पट खर्च. ट्यूनर म्हणाला, "क्लच तर जुनाच होता ना सर." होता की! पण हे आधी विचारायचं काम कुणाचं?

खरा किस्सा पुढे आहे. वैतागून म्हटलं, मूळ फाइल परत टाक. तर म्हणे तुमच्या गाडीची मूळ फाइल वाचलीच नव्हती. त्याच मॉडेलची त्याच्याकडे एक तयार फाइल होती, तीच चढवली होती. माझ्या गाडीचा सॉफ्टवेअर क्रमांक वेगळा होता. शेवटी सर्व्हिस सेंटरमधून नवीन सॉफ्टवेअर टाकून घेतलं आणि तिथे मान खाली घालून बसलो.

तेव्हा काम सुरू होण्याआधी गाडीची स्वतःची फाइल वाचून घेतली का ते बघा, आणि तिची एक प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. देणारा दोन मिनिटांत देतो. न देणाऱ्याकडे बहुतेक ती नसतेच.

घाटवळण | रवि, रात्री १०:२०

बाप रे. १२ हजारवाल्याला आत्ताच मेसेज केला, "मूळ फाइलची प्रत मिळेल का?" उत्तर आलं: "सर वो कंपनी सीक्रेट होता है 🙏"

ताई, डायनोचं, म्हणजे रोलरवर गाडीची ताकद मोजायच्या यंत्राचं काय? २४ हजारात चिंचवडवाला डायनोचाचणीही देतोय. त्यावर विश्वास ठेवावा का?

कॅलिब्रेशनवाली | रवि, रात्री ११:०२

डायनो म्हणजे वजनकाटा. काटा बरोबर असला तरी वजन कोण आणि कसं करतंय ते पाहावं लागतं.

रोलरवर मोजली जाते ती चाकांवरची ताकद. गिअरबॉक्स, शाफ्ट, टायर यांत काही भाग खर्ची पडतो, म्हणून ७५ ची गाडी रोलरवर साठीच्या घरात दिसली तर घाबरू नका. काही जण "आधी"चा आकडा चाकांवरचा दाखवतात आणि "नंतर"चा इंजिनवरचा हिशोब करून. कागदावर तीस टक्के वाढ! दोन्ही चाचण्या त्याच दिवशी, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, इंजिन तितकंच तापलेलं असताना हव्यात.

आणि शिखराचा आकडा बघू नका, आलेख बघा. खंबाटकीत तुम्ही १८०० ते २८०० आरपीएममध्ये असता. ४००० ला दहा घोडे वाढले तर ते तुमच्या काय कामाचे?

डायनो नसलेले चांगले ट्यूनरही असतात. ते रस्त्यावर लॉग घेतात, म्हणजे गाडी चालत असताना ईसीयूतले आकडे टिपतात. ईसीयूने टर्बोला किती दाब मागितला आणि किती मिळाला, रेलचा दाब किती मागितला आणि किती आला, हवा किती आत गेली. माझ्या लेखी डायनोच्या रंगीत कागदापेक्षा हा लॉग मोलाचा, कारण त्यात गाडीची तब्येत दिसते. रीमॅपच्या आधी लॉग न घेणारा माणूस डॉक्टर नव्हे, औषधविक्या.

स्टुटगार्टकर | सोम, पहाटे २:१५

इकडचं सांगतो, तुलना म्हणून. जर्मनीत मोटार दुरुस्तीचं गॅरेज चालवायचं तर साधारणपणे मास्टरची परीक्षा पास झालेला माणूस लागतो. भिंतीवर ते प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं असतं. चिप ट्यूनिंग केलं तर ते तपासणी संस्थेकडून मंजूर करून गाडीच्या कागदावर चढवावं लागतं आणि विमा कंपनीला कळवावं लागतं. नाही केलं तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द धरला जातो. माझ्या इथल्या शेजाऱ्याने मंजुरीच्या कागदांसह ट्यूनिंग घेतलं, दर आपल्याकडच्या कितीतरी पट. पण कागद आहे, तर माणूस कोण हे शोधत बसावं लागलं नाही.

आपल्याकडे "क्वालिफाइड" म्हणजे नक्की काय धरायचं?

सोलेक्सकाका | सोम, सकाळी ६:०५

आपल्याकडे आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. त्यात हात बसतो, ईसीयूच्या फाइली नाही बसत. रीमॅपिंगचं म्हणाल तर अवजार विकणाऱ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं असतात. ती अवजार चालवता येतं हे सांगतात, इंजिन कळतं हे नाही. टंकलेखनाची परीक्षा पास झालेला लेखक होतोच असं नाही.

डिझेलदास | सोम, सकाळी ९:४८

आणि ते अवजारही बरेचदा चायनीज नक्कल असतं. हे मात्र मान्य. नक्कल अवजाराने लिहिताना मध्येच तुटलं तर ईसीयूचा दगड होतो. माझ्या ट्यूनरने लिहिताना बॅटरीला वेगळा चार्जर लावला होता, व्होल्टेज पडू नये म्हणून. तेव्हा मला ते नाटक वाटलं होतं.

कोइंबतूरबद्दल मात्र वाईट ऐकून घेणार नाही. तिथे रेसिंगची परंपरा आहे, कारी मोटर स्पीडवे तिथलाच. खूप जाणकार मंडळी आहेत. ईमेलवर फाइल येण्यात गैर काही नाही, फक्त आपल्याकडून लॉग पाठवला, त्यांनी सुधारून फाइल पाठवली, परत लॉग, अशा दोन-तीन खेपा झाल्या पाहिजेत. एका खेपेत "फायनल" आली तर ती कपाटातली तयार फाइल समजा.

कलम_बावन्न | सोम, दुपारी १२:३०

रंगाचा बेरंग करायला आलोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलंय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून कुणी पकडत नाही, ही गोष्ट वेगळी. पण अपघात झाला, विमा कंपनीने तपासणी लावली आणि तुम्ही बदल कळवला नव्हता, तर दावा अडकू शकतो. शिवाय पीयूसी. बीएस-४ डिझेलला धुराची मर्यादा १.६२ आहे, धुराचं कोष्टक उडवलेली गाडी तिथे उताणी पडेल.

आणि "ईजीआर बंद करून देतो", "डीपीएफ काढून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात जाऊ नका. ती प्रदूषण रोखणारी यंत्रणा आहे. ती काढणं हा सरळसरळ गुन्हा आहे, आणि तसं बोर्ड लावून सांगणारा माणूस तुमच्या गाडीबाबत तरी प्रामाणिक कशाला राहील?

पाना_पकड | सोम, दुपारी १२:४१

पीयूसीवाला काका नळी सायलेन्सरात घालायच्या आधीच प्रिंट काढतो हो. पण मुद्दा पोचला.

टीएसआयप्रेमी | सोम, संध्या. ६:१०

पेट्रोल टर्बोवाल्यांसाठीही लिहा कुणीतरी! माझ्या पोलो जीटीला, १.२ आणि सात गिअरच्या डीएसजीला (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचं रीमॅप, करावं का?

कॅलिब्रेशनवाली | सोम, रात्री ९:३३

थोडक्यात, कारण धागा डिझेलचा आहे. तुमचा सात गिअरचा कोरडा क्लच २५० न्यूटन मीटरपर्यंतचा आहे. ट्यूनरने गिअरबॉक्सचा विषय स्वतःहून काढला नाही तर परत फिरा. दुसरं, फाइल कोणत्या पेट्रोलवर बसवणार ते विचारा. १०० ऑक्टेनवर बसवलेली आक्रमक फाइल आणि रोज भरायचं पंपावरचं साधं पेट्रोल, म्हणजे नॉकिंगला (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकायला) आमंत्रण. ईसीयू टायमिंग मागे ओढून इंजिन वाचवेल, पण मग पैसे कशाचे दिले? आणि टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला रीमॅप करायला जाणाऱ्यांनो, त्या पैशात चार चांगले टायर येतात.

घाटवळण | शनि, रात्री ९:१५

अपडेट. आज चिंचवडवाल्याकडे जाऊन आलो.

माणूस पस्तिशीतला, कमी बोलणारा. शेडमध्ये दोन गाड्या, टेबलावर लॅपटॉप, कोपऱ्यात बॅटरीचा चार्जर (डिझेलदास, तुमची आठवण आली). धुराच्या कोष्टकाचं विचारलं. हसला, म्हणाला, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मग म्हणाला की ते तो थोडं सैल करतो, काढत नाही, आणि हवेचा दाब वाढवल्याशिवाय तर हातच लावत नाही. मूळ फाइलची प्रत देणार का? "देतो की. तुमचीच आहे."

मग म्हणाला, आधी एक फेरी मारू. स्कॅनर लावला, मी चालवत होतो, तो बाजूला. तिसऱ्यात १५०० पासून पूर्ण पाय दाबायला लावला. तीनदा. परत आल्यावर स्क्रीनवर दोन रेघा दाखवल्या. मागितलेला दाब २२०० मिलिबारच्या आसपास, मिळालेला १७५० च्या पुढे जातच नव्हता. दोन रेघांमधली ती फट त्याने पेनने दाखवली आणि लॅपटॉप मिटला.

"आज रीमॅप करत नाही," म्हणाला. "हवा कुठूनतरी निघून जातीये. यावर फाइल टाकली तर टर्बो आणखी पळेल आणि मरेल." दिवा का पेटला नाही विचारलं, तर म्हणे फरक अजून ईसीयूच्या सहनशक्तीत होता.

लॉग घेण्याचे ८०० रुपये घेतले आणि पिंपरीतल्या एका साध्या गॅरेजचा पत्ता दिला. २४ हजार खिशात घेऊन गेलेलो, माणसाने परत पाठवलं.

सोलेक्सकाका | शनि, रात्री ९:३२

माणूस सापडला तुम्हाला.

कॅलिब्रेशनवाली | शनि, रात्री ९:५०

इंटरकूलरचे (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) पाइप बघायला सांगा. एअरफ्लो सेन्सरने हवा मोजली, ईसीयूने त्या हिशोबाने डिझेल दिलं, आणि मोजलेली हवा वाटेतच गळाली, की तोच काळा धूर आणि तेच पडलेलं एव्हरेज. धूर दिसतोय का मागे?

घाटवळण | शनि, रात्री ९:५८

मागच्या बंपरला डाव्या बाजूला काजळी आहे खरी. मला वाटायचं पार्किंगमधल्या भिंतीची.

घाटवळण | बुध, रात्री ८:४०

सापडलं! टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा रबरी पाइप. उभ्या गाडीत धड दिसायचा. गॅरेजवाल्याने वाकवल्यावर चीर उघडली, बोट जाईल एवढी. आजूबाजूला सगळं तेलकट. पाइप, दोन क्लॅम्प, मजुरी मिळून २७५० रुपये. ईजीआरही काढून साफ केला, त्याचे वेगळे.

आज मुद्दाम अर्धी रजा टाकून खंबाटकीला जाऊन आलो. चौथ्यात. पूर्ण घाट. वर गेल्यावर बोगद्यातून परत.

चिंचवडवाल्याला फोन केला. म्हणाला, आता या, परत लॉग घेऊ, हवं असेल तर रीमॅप करू, पण तुमच्या किलोमीटरला आधी क्लचचं बघा. सध्या तरी तो विषय ठेवून दिलाय. बाबा घरभर सांगत सुटलेत, "मी म्हटलं होतं ना, ट्यूनिंग कर!"

डिझेलदास | बुध, रात्री ९:०५

अभिनंदन. रीमॅप मात्र कराच कधीतरी. चव कळेल.

उतारू | बुध, रात्री ९:२०

चिंचवडवाल्याचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

सोलेक्सकाका | गुरु, सकाळी ६:१०

पाइप नेमका कुठे फाटला होता? क्लॅम्पपाशी असेल तर क्लॅम्प जास्त आवळलेला होता का ते पाहा, नाहीतर नवीनही तसाच जाईल. फोटो टाका.

घाटवळण | गुरु, सकाळी ८:४५

काका, खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या लगतच. गॅरेजवाल्याला आज विचारतो. फोटो रविवारी टाकतो, पाइप बाबांनी माळ्यावर ठेवलाय. "चांगलं रबर आहे, कधीतरी लागेल."